फ्यूज टिकत नाही : जुना अॅम्प्लिफायर आणि वितळलेला बेल्ट, सुटे भाग आणण्याआधी काय तपासावं?

तापीकाठ
यंत्राची माहिती आधी देतो, म्हणजे प्रश्न नेमका होईल.

भारतीय बनावटीचा स्टीरिओ अॅम्प्लिफायर. मागच्या पट्टीवर लिहिलंय ३० + ३० वॅट, ८ ओहम, २२० व्होल्ट. आउटपुटला प्रत्येक बाजूला एक २एन३०५५ आणि एक एमजे२९५५ ट्रान्झिस्टर, मागच्या काळ्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूवर). सप्लाय अधिक-उणे २८ व्होल्टचा, फिल्टरचे दोन कंडेन्सर ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट. स्विच टाकला की १ अँपिअरचा फ्यूज त्याच क्षणी जातो. बंद पडण्याआधी डाव्या स्पीकरमधून मधूनच कडकड यायची, तीही यंत्र तापल्यावर.

सोबत कॅसेट डेक आहे. मोटर फिरते, चाकं फिरत नाहीत, आत डांबरासारखा काळा चिखल.

एक मत असं मिळालं की चारही ट्रान्झिस्टर आणि सगळे कंडेन्सर बदला. दुसरं मत, भंगारात द्या आणि ब्लूटूथचा डबा घ्या. दोन्ही मतं झाकण न उघडता दिलेली आहेत. घरी साधा डिजिटल मल्टिमीटर आणि २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न आहे. काहीही विकत आणण्याआधी काय मोजावं, आणि कुठल्या क्रमाने?

शेवभाजी
फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळा. गाणं लागणार नाही, पण उजेड पडेल.

सिरीजबल्ब
वरचा विनोद कोणी मनावर घेऊ नका. मी स्वतःच्या नावाला जागतो आणि क्रम सांगतो.

पहिलं काम, सिरीज बोर्ड. एक होल्डर, एक सॉकेट, फेजच्या वायरीत बल्ब मालिकेत. या यंत्राला ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब. एलईडी चालत नाही, कारण सगळी गंमत तारेच्या रेझिस्टन्समध्ये आहे: थंड असताना तो अगदी कमी, तापली की दहा-बारा पट. यंत्र ठीक असेल तर बल्ब क्षणभर लखकन पेटतो (फिल्टरचे कंडेन्सर भरतात) आणि मग मंद होतो. पूर्ण उजेडात पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, पण आता फ्यूज जात नाही, काही जळत नाही. बल्ब सगळा भार स्वतःवर घेतो.

स्पीकर काढून ठेवा. दोष सापडेपर्यंत स्पीकर लावायचेच नाहीत.

आत हात घालण्याआधी प्लग काढा आणि फिल्टरचे कंडेन्सर रिकामे करा. १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स चिमट्याने धरून प्रत्येक कंडेन्सरवर पाच सेकंद. ४७०० मायक्रोफॅरडला एवढा वेळ पुरून उरतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणं म्हणजे मर्दुमकी नव्हे. त्याने कंडेन्सरचं आतलं कनेक्शनही जातं आणि पीसीबीची (सर्किट बोर्डची) तांब्याची पट्टीही उखडते. मग मीटर लावून १ व्होल्टच्या खाली आलंय हे बघा.

आता ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) आणि फिल्टरकडून दोन्ही अॅम्प्लिफायर बोर्डांना जाणाऱ्या अधिक आणि उणे वायरी सोडवा. बल्बवर चालू करा. मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, फिल्टर तिन्ही ठीक. पेटून राहिला तर ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या (ब्रिजकडे जाणाऱ्या बाजूच्या) वायरी काढून पुन्हा बघा. मंद झाल्यावर एक एक चॅनल जोडा. ज्याला जोडल्यावर बल्ब पेटतो, दोष तिथे. अर्ध्या तासाचं काम आहे, खर्च शून्य.

खापरावरचे मांडे
आधी फ्यूज देख भो, मंग बाकीनं. फ्यूज काचेतून बघा. तार मधेच नुसती वितळून तुटली असेल तर हळूहळू जास्त करंट गेलाय. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर सरळ शॉर्ट. आणि नवा टाकताना 'टी' लिहिलेला, म्हणजे स्लो-ब्लो टाका. साधा जलद फ्यूज ट्रान्सफॉर्मरच्या सुरुवातीच्या झटक्यानेही जातो आणि माणूस उगाच शॉर्ट शोधत बसतो.

केळफूल
क्रम बरोबर आहे, पण त्याच्याही आधी एक काम राहिलं. झाकण उघडा आणि ब्रश घ्या. आपल्याकडे, विशेषतः जिनिंगच्या आसपासच्या गावांत, कापसाची तूस आत जाऊन बोर्डवर गोधडी झालेली असते. पावसाळ्यात ती ओल धरते. पालीची विष्ठा हा दुसरा प्रकार: ती पीसीबीवर पडली की तांब्याची पट्टी हिरवी होऊन तुटते, आणि पाल स्वतः ब्रिजच्या दोन टोकांवर आडवी पडलेली सापडली तर शोध तिथेच संपतो. मऊ रंगाच्या ब्रशने झाडा, ब्लोअर लांबून मारा. डागांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. पाण्याने पुसू नका.

उंदरांनी वायरीचं प्लास्टिक खाल्लंय का तेही बघा. ट्रान्सफॉर्मरपासून स्विचपर्यंतची वायर त्यांची आवडती. तिच्यात पूर्ण २३० व्होल्ट असतात.

बुधवारातला
मी सरळ वेगळं मत मांडतो. चाळीस वर्षं जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मोजत बसण्यात अर्थ नाही. सगळे बदला. बोर्डवर २०-२५ असतील, फार खर्च नाही. फिल्टरचे दोन सोडले तर बाकी किरकोळ किमतीचे.

डाख_आणि_राळ
बुधवारातला, तुम्ही म्हणता तो खर्च पैशाचा नाही, पट्ट्यांचा आहे. त्या काळातल्या एकपदरी पीसीबीवर तांबं नुसतं चिकटवलेलं. २५ कंडेन्सर म्हणजे ५० डाख (सोल्डरचे सांधे). त्यातल्या चार ठिकाणी तरी पट्टी उठणार, दोन ठिकाणी कंडेन्सर उलटा लागणार, आणि मूळ दोष तसाच राहणार. आता एक दोष आहे, मग पाच होतील.

मोजण्यासारखं पुष्कळ आहे. आवाज शून्यावर ठेवूनही घुंघुं येते का? येत असेल तर फिल्टर. आवाज वाढवला की घुंघुं वाढते? मग फिल्टर निर्दोष, इनपुटची वायर किंवा अर्थिंग सुटलंय. फिल्टरवर मीटर एसी व्होल्टला लावा: गाणं नसताना अर्ध्या व्होल्टच्या वर दिसत असेल तर कंडेन्सर सुकला. ईएसआर मीटर (कंडेन्सरचा आतला रेझिस्टन्स मोजणारा) मिळाला तर ४७०० मायक्रोफॅरडचा आकडा ०.१ ओहमच्या आत हवा. नुसती कपॅसिटन्स मोजून फसायला होतं. आकडा ४५०० दाखवतो आणि आतला रेझिस्टन्स वाढलेला असतो.

बदलायचेच झाले तर आधी तीन प्रकारचे: हीटसिंकला किंवा मोठ्या रेझिस्टन्सला खेटून उभे असलेले, डोकं फुगलेले, आणि बुडाशी तपकिरी डाग असलेले. १०५ अंशांचेच घ्या. तापमान दहा अंशांनी उतरलं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि मे महिन्यात भुसावळला खोलीतच ४०-४२ असतं, बंद डब्यात किती ते वेगळं सांगायला नको.

शेवभाजी
भुसावळला मे महिन्यात डाख द्यायला आयर्न लागत नाही, बोर्ड गच्चीवर ठेवला तरी पुरे.

सिरीजबल्ब
>>मागच्या पट्टीवर २२० व्होल्ट

हे कोणी धरलं नाही म्हणून सांगतो. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (मेन्सकडची बाजू) २२० ची आणि घरात २३० ते २५०. रात्री शेतीचे पंप बंद झाले की गावाकडे दाब २५० ला टेकतो. २८ व्होल्टचा सप्लाय तेव्हा जवळजवळ ३२ होतो. फिल्टर ३५ व्होल्टचा, म्हणजे काठावर. आणि २एन३०५५ ची कलेक्टर-एमिटर मर्यादा (या दोन टोकांमधे सोसणारे व्होल्ट) ६० व्होल्ट आहे. अधिक-उणे ३२ म्हणजे टोकापासून टोकापर्यंत ६४. आवाज पूर्ण वाढवला की वरच्या ट्रान्झिस्टरवर जवळपास सगळेच व्होल्ट येतात. ट्रान्सफॉर्मरला २४० चा टॅप (त्या दाबासाठी काढलेली जादा वायर) असेल तर वायर तिकडे न्या. बऱ्याच ट्रान्सफॉर्मरला तो असतो आणि टेप गुंडाळून मोकळा सोडलेला असतो. फिल्टर बदलायची वेळ आलीच तर ५० व्होल्टचे टाका. उंची आधी मोजा, झाकण बसलं पाहिजे.

चाळीसगाव_जंक्शन
धागा जरा वळवतो. वाल्व्हच्या रेडिओलाही सिरीज बल्ब चालेल का? ईएल८४ या आउटपुट वाल्व्हची प्लेट लाल होते, आवाज फाटतो.

डाख_आणि_राळ
चालेल, ४० किंवा ६० चा. पण त्यात दोष बहुतेक एकच. आधीच्या वाल्व्हच्या प्लेटपासून ईएल८४ च्या ग्रिडला येणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा कागदी कंडेन्सर, मेणाचा किंवा डांबराचा. तो गळतो. ग्रिडच्या पिन २ वर मीटर लावा, डीसी शून्य हवं. २-३ व्होल्ट अधिक दिसले की कंडेन्सर गेला. ग्रिड अधिक झाली की वाल्व्ह बेसुमार करंट ओढतो आणि प्लेट लाल. ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर टाका. मग पिन ३ वर साधारण ७ व्होल्ट दिसायला हवेत. वाल्व्ह बदलण्याआधी हे करा, नाहीतर नवा वाल्व्हही आठवड्यात लाल.

एक धोक्याची गोष्ट. ज्या रेडिओत यूसीएल८२, यूबीएफ८९, यूवाय८५ असे 'यू'चे वाल्व्ह आहेत, त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो. चासी (पत्र्याचा सांगाडा) सरळ मेन्सच्या एका वायरीला जोडलेली. प्लग उलटा लागला की चासीवर २३० व्होल्ट. सिरीज बल्ब त्यापासून वाचवत नाही! एकास-एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असेल तरच तो उघडा चालू करायचा. नसेल तर हात लावू नका.

खापरावरचे मांडे
वळलाच आहे धागा तर जर्मेनियमवाल्यांसाठीही एक. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत एएफ११५, ११६, ११७ असतील आणि रेडिओ मुका असेल, तर त्या चार पायांच्या ट्रान्झिस्टरात आतून कथलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि पत्र्याच्या टोपीला शॉर्ट करतात. टोपीला जोडलेला चौथा पाय म्हणजे शील्डचा. तो एकटाच कापा. खूपदा रेडिओ तेवढ्यावर बोलायला लागतो. दोन-तीन तंतू असतील तर मात्र ट्रान्झिस्टरच बदलावा लागतो.

केळफूल
डेककडे कोणी बघतच नाही, म्हणून मी येते.

तो काळा चिखल म्हणजे बेल्ट. पॉलियुरेथेनचा बेल्ट हवेतल्या ओलीने कालांतराने विरघळतो. हातमोजे घाला. हा चिखल कपड्याला लागला तर कपडा गेला, आणि बोटांवरून तो सगळ्या मेकॅनिझमवर पसरतो. आधी लाकडी काडीने मोठे गोळे काढा, मग कानकाडी आणि आयसोप्रोपिल. पुली आणि फ्लायव्हीलच्या खाचेत जरा जरी राहिला तरी नवा बेल्ट तिथे दर फेऱ्याला उडी मारतो आणि गाणं डुलतं. रॉकेलने लवकर निघतो हे खरं, पण रॉकेलचा ओशट थर राहतो आणि नवा रबर घसरतो. वापरलंच तर नंतर दोनदा अल्कोहोल.

माप असं घ्या: जुना बेल्ट ज्या मार्गाने जायचा त्या मार्गाने शिवायचा दोरा फिरवा, जिथे टोकं मिळतात तिथे खूण, मग पट्टीवर मोजा. समजा २३८ मिलिमीटर आला. बेल्ट त्याहून ५ ते ७ टक्के कमी हवा, म्हणजे २२१ ते २२६. दुकानदार व्यास विचारतात, तर ३.१४ ने भागा: ७१ मिलिमीटर. घट्ट बेल्ट चांगला असा समज आहे. तसं नाही, घट्ट बेल्टने मोटरचं बुश एका बाजूला खातं आणि कुरकुर सुरू होते. कॅपस्टनला (टेप ओढणाऱ्या दांड्याला) चपटा बेल्ट असतो, टेप गुंडाळणाऱ्या चाकाला चौकोनी. दोन्हींची अदलाबदल करू नका. केस बांधायचं रबर तर अजिबात नको. दोन दिवस चालतं, तिसऱ्या दिवशी टेप खातं.

बुधवारातला
केळफूल ताई, जुना सैल बेल्ट उकळत्या पाण्यात टाकला की आखडतो. लोक करतात.

केळफूल
करतात. आठ-पंधरा दिवस चालतो. रबराचा असेल तर. यांच्यातला पॉलियुरेथेनचा आधीच पाघळलाय, उकळून त्याचं पिठलं होईल.

शेवभाजी
कळण्याच्या भाकरीबरोबर?

मेहरूणचा बगळा
सगळे आत शिरलेत, मी बाहेरून सांगतो. 'आवाजच येत नाही' म्हणून आलेल्या जुन्या अॅम्प्लिफायरांपैकी बऱ्याच जणांचा आजार म्हणजे समोरचं टेप मॉनिटरचं (डेककडचा आवाज निवडणारं) बटण दाबलेलं असतं. मागे डेक जोडलेला नाही, म्हणून शांतता. दोन-तीनदा दाबून-सोडून बघा, कधी कधी आतले संपर्कच काळे पडलेले असतात.

दुसरं, जुन्या भारतीय यंत्रांना पाच पिनांचं डिन सॉकेट असतं. त्यावरून फोन जोडायचा तर पिना अशा: २ मधली, अर्थ. ३ डावा आणि ५ उजवा, हे टेपकडून येणारे. १ आणि ४ रेकॉर्डिंगचे, त्यांना हात लावू नका. क्रमांक ओळीने नाहीत हे लक्षात ठेवा: कमानीत १, ४, २, ५, ३ असे बसतात. सॉकेटच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात आकडे कोरलेले असतात, भिंग घ्या.

व्हॉल्यूमची खरखर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर. पातळ नळीने पायांजवळच्या फटीतून दोनच फवारे, मग बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा, दहा मिनिटं वाळू द्या. गंज काढायचा निळा डबा मारू नका. त्याचा तेलकट थर राहतो आणि आपल्याकडची धूळ त्यावर येऊन बसते.

बुधवारातला
निळ्या डब्याबद्दल असहमत. पण भांडण या धाग्यात नको.

मेहरूणचा बगळा
दुसरा धागा काढा, येतो.

तापीकाठ
आकडे आणलेत.

सिरीज बोर्डवर १०० वॅटचा बल्ब. सगळं जोडलेलं असताना पूर्ण उजेड. दोन्ही बोर्डांच्या वायरी सोडल्यावर लखकन, मग मंद. फिल्टरवर अधिक २७, उणे २७. उजवा चॅनल जोडला, मंदच. डावा जोडला, पूर्ण उजेड. म्हणजे दोष डाव्यात, आणि सप्लाय निर्दोष.

वीज काढून, कंडेन्सर रिकामे करून, डाव्या बोर्डची अधिक वायर ते चासी मोजलं: ०.३ ओहम. उणे वायर ते चासी: सुरुवातीला वाढत जाऊन काही किलोओहम.

आता २एन३०५५ आणायला जळगावला गोलाणी मार्केटला निघावं का?

बुधवारातला
नक्की गेला. दोन्ही एकदम बदला, आणि ड्रायव्हरही (आउटपुटला चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर) बघा. एक आउटपुट गेला की सहसा ड्रायव्हर आणि ०.३३ ओहमचा एमिटर रेझिस्टन्सही सोबत जातो. आणि २एन३०५५ विकत घेताना जपून, बाजारात नकली फार. बाहेरून टोपी तीच, आत छोटीशी चिप.

शेवभाजी
असली-नकली कसं ओळखायचं?

बुधवारातला
करवतीने टोपी कापून.

शेवभाजी
म्हणजे शवविच्छेदन.

भरीत पुरी
थांबा. इतका वेळ नुसतं वाचत होतो. गाडी पकडण्याआधी मूळ पोस्ट पुन्हा वाचा: 'तापल्यावर कडकड'. आणि आकडा बघा: अधिक वायर ते *चासी* ०.३ ओहम. ट्रान्झिस्टर कलेक्टर-एमिटर शॉर्ट झाला असता तर वाट एमिटर रेझिस्टन्समधून स्पीकरच्या टोकाकडे गेली असती, सरळ चासीला नव्हे. चासीला जायला वाट कुठली?

२एन३०५५ ची पत्र्याची टोपी म्हणजेच कलेक्टर, म्हणजे अधिक २८ व्होल्ट. हीटसिंक चासीला स्क्रूने जोडलेलं. दोघांच्या मधे फक्त अभ्रकाची एक पातळ चकती आणि स्क्रूला फायबरचे दोन बुश. चकतीला भोक पडलं की अधिक सप्लाय सरळ जमिनीला. फ्यूज जाणारच, ट्रान्झिस्टर ठणठणीत असला तरी.

मीटर बीपवर ठेवा. एक टोक डाव्या २एन३०५५ च्या टोपीवर, दुसरं हीटसिंकच्या खरवडलेल्या जागेवर (काळ्या थरावर नको, तो अॅनोडायझिंगचा, वीज वाहत नाही). वाजला तर स्क्रू काढून ट्रान्झिस्टर उचला आणि पुन्हा मोजा. मग ट्रान्झिस्टर सुटा तपासा. डायोडच्या खुणेवर: लाल बेसला, काळं एमिटरला, ०.६ च्या आसपास. लाल बेसला, काळं टोपीला, तेवढंच. टोपी-एमिटर दोन्ही बाजूंनी काहीच नाही. असं आलं तर जळगावची गाडी सोडून द्या.

डाख_आणि_राळ
भरीत पुरी, तुनी गोट खरी शे. माझ्या डोळ्यांखालून तो 'चासी' शब्द निसटला. उणे बाजू किलोओहम दाखवते म्हणजे एमजे२९५५ ही शॉर्ट नाही.

तापीकाठ
टोपी ते हीटसिंक: बीप. ट्रान्झिस्टर उचलल्यावर: बंद. सुटा ट्रान्झिस्टर: ०.६१, ०.५९, बाकी काही नाही. चांगला आहे.

अभ्रकाची चकती उजेडासमोर धरली. एमिटरच्या पायाच्या भोकाजवळ सुईच्या टोकाएवढं काळं भोक, भोवती तपकिरी कडं. हीटसिंकच्या त्या भोकाच्या काठावर ड्रिलचा खरबरीत उंचवटा आहे, नख अडकतं. पांढरं कंपाउंड (उष्णता वाहून नेणारा लेप) सुकून खडूसारखं झालंय.

भरीत पुरी
सापडलं. कारखान्यात भोकाचा काठ घासायचा राहिला, चकती इतकी वर्षं त्यावर दाबली गेली. कंपाउंड सुकल्याने ट्रान्झिस्टर जास्त तापायचा, तापला की पत्रा पसरून टोचायचा. तीच तुमची कडकड.

आता ८ मिलिमीटरचं ड्रिल बिट नुसतं हातात धरून भोकाच्या काठावर तीन-चार वेळा फिरवा. मशीनला लावू नका, खड्डा पडेल. बारीक पॉलिश पेपर सपाट लाकडावर गुंडाळून एक हात मारा. अल्कोहोलने पुसा, बोटाने चाचपा, एक कण राहता कामा नये. नवी चकती टीओ-३ च्या, म्हणजे या ट्रान्झिस्टरच्या टोपीच्या, मापाची मागा. कंपाउंड दोन्ही बाजूंना इतकं पातळ की खालचं दिसावं. पोळीला तूप लावतात तसं नको. बुश चिरलेले असतील तर तेही नवे. दोन्ही स्क्रू आळीपाळीने आवळा, एकच आधी पूर्ण आवळला तर ट्रान्झिस्टर तिरका बसतो. डाख देण्याआधी टोपी ते हीटसिंक मोजा, मीटरच्या सर्वांत मोठ्या पल्ल्यावर अनंत दिसायला हवं.

उरलेल्या तिन्हींच्याही चकत्या बदला. उंचवटा एकाच भोकाला असेल असं समजू नका.

सिरीजबल्ब
आणि मग लगेच गाणं लावू नका. बल्बवर चालू करा, मंद झाला की स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत उत्तम, १०० च्या वर असेल तर स्पीकर जोडू नका. मग बल्ब काढून सरळ मेन्सवर तेच पुन्हा, कारण बल्बवर सप्लाय कमी असतो आणि बायसचा (गाणं नसताना आउटपुटमधून वाहणाऱ्या करंटचा) आकडा खोटा येतो.

बायस ०.३३ ओहमच्या रेझिस्टन्सवर मोजतात. १० मिलिव्होल्ट म्हणजे ३० मिलिअँपिअर, या जोडीला पुरेसं. आवाज शून्य, पंधरा मिनिटं तापू द्या, मग प्रिसेट (बोर्डवरचा स्क्रूने फिरवायचा रेझिस्टन्स) अगदी केसभर फिरवा.

तापीकाठ
चार चकत्या, आठ बुश, कंपाउंडची डबी. सगळं मिळून चहा-नाश्त्याच्या पैशात, इथल्याच टीव्हीवाल्याकडे.

बल्ब मंद. सरळ मेन्सवर (मीटरवर २३२) सप्लाय अधिक-उणे २९.५. डीसी डावीकडे १८ मिलिव्होल्ट, उजवीकडे २४. बायस डावीकडे ४ मिलिव्होल्ट, उजवीकडे ३१. डावीकडचा १० वर आणला. उजवीकडचा प्रिसेट फिरवला की आकडा ५ वरून एकदम ४० वर उडी मारतो.

डाख_आणि_राळ
३१ म्हणजे ९० मिलिअँपिअरच्या वर, उजवं हीटसिंक गाणं नसतानाही तापत असणार. प्रिसेटचा कार्बन झिजलाय. तो स्वच्छ करून ठेवू नका, बदला. तो बायस ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसच्या मधे असेल आणि त्याचा ब्रश उचलला गेला, तर बायस एकदम कमाल होतो आणि मग खरंच आउटपुटची जोडी जाते. तेवढ्याच ओहमचा बंद डब्यातला टाका. आधी जुन्यासारखा मधोमध नको, ज्या टोकाला बायस सर्वांत कमी त्या टोकाला ठेवून चालू करा.

कंडेन्सर बदलू नका हे पुन्हा सांगतो.

बुधवारातला
फिल्टरवर एसी किती येतो ते विचारा की त्यांना.

तापीकाठ
०.०७ व्होल्ट, दोन्हींवर.

बुधवारातला
मग राहू द्या. ट्रान्सफॉर्मरला २४० चा टॅप बघितला का?

तापीकाठ
आहे. पिवळी वायर, टेप गुंडाळलेली. वायर बदलली, सप्लाय २७ वर आला. प्रिसेट नवा बसवला, बायस दोन्हीकडे १०. एक तास गाणं चाललं, हीटसिंकवर हात ठेवता येतो.

डेकचा बेल्ट केळफूल ताईंच्या मापाने मागवला, बसला. पण गाणं जरा जड, खालच्या सुरात वाटतं.

केळफूल
नव्या बेल्टची जाडी जुन्यापेक्षा वेगळी असली की वेग बदलतो. कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. कानाने लावू नका, ३१५० हर्ट्झचा सूर भरलेली टेस्ट कॅसेट आणि फोनमधलं फ्रिक्वेन्सी दाखवणारं अॅप घ्या. कॅसेट मधोमध असताना मोजा. मोटरच्या पाठीमागे रबराची टोपी असेल, तिच्या आत भोक, भोकात प्रिसेट. प्लास्टिकच्या दांड्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर, डेक चालू ठेवूनच, अगदी थोडा फिरवा आणि दहा सेकंद थांबा. ३१२० ते ३१८० च्या मधे आलं की पुरे. आकडा सतत मागेपुढे नाचत असेल तर तो वेगाचा दोष नाही. पुलीवर चिखल राहिलाय किंवा पिंच रोलर (टेप कॅपस्टनवर दाबणारं रबरी चाक) गुळगुळीत झालाय. रोलर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, पूर्ण वाळवा. हेड आणि कॅपस्टनला अल्कोहोल चालेल. कॅपस्टनच्या बुशला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, सुईच्या टोकाने.

तापीकाठ
३०१० होतं, ३१४५ वर आणलं. आता सूर बरोबर, पण जुन्या कॅसेटी घोंगडीतून ऐकल्यासारख्या.

केळफूल
सगळ्याच, की काही?

तापीकाठ
काही ठीक आहेत. दोन-तीन अगदीच मंद.

केळफूल
मग हेडच्या स्क्रूला आत्ताच हात लावू नका. त्या मंद कॅसेटींमधे टेपच्या मागे स्पंजावर किंवा तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा बारीक तुकडा असतो, तो बघा. आपल्या उन्हाळ्यात त्याचा गोंद सुटतो आणि तो आत कुठेतरी पडलेला असतो. टेप हेडला दाबलीच जात नाही, म्हणून वरचे सूर गायब. दुसऱ्या निकामी कॅसेटमधला तुकडा काढून फेव्हिबॉंडच्या टाचणीएवढ्या थेंबाने चिकटवा, रात्रभर राहू द्या. त्यानंतरही मंद राहिल्या तरच हेडचा स्प्रिंगवाला स्क्रू. तो फिरवण्याआधी त्याच्या डोक्याची दिशा पेन्सिलने खूण करून ठेवा, पाव फेऱ्याच्या पुढे जाऊ नका, आणि जिथे झांज सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तिथे नेलपॉलिशचा ठिपका.

शेवभाजी
नेलपॉलिश कुठल्या रंगाचं?

केळफूल
मूळ ठिपका लाल असेल तर हिरवं घ्या. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे की स्क्रू कोणीतरी फिरवलाय.